दटावल्यानं वजन उतरत नाही

‘पेशंटशी गोड बोलून काही उपयोग नसतो. चार शब्द तोंडावर सुनावले, मनाला लागले, की मगच माणूस ताळ्यावर येतो.’ वजन जास्त असलेल्या पेशंटबद्दल हे मत ओपीडीत, वॉर्डात, नर्सिंगच्या वर्गात सर्रास ऐकू येतं. ते मांडणाऱ्या सिस्टर बहुतेकदा कामाला चोख असतात. मधुमेहानं सडलेल्या पायांचं ड्रेसिंग त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं असतं, डायलिसिसला बसलेली चाळिशीतली माणसं पाहिलेली असतात. त्यांचा वैताग खरा आहे आणि त्यामागची काळजीही खरी आहे. म्हणूनच या मताला झटकून टाकून चालणार नाही, मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. मी याच व्यवसायातली आहे आणि मला हे मत मुळापासून चुकीचं वाटतं. दटावण्यानं वजन उतरत नाही, पेशंट मात्र दवाखान्यापासून दुरावतो, आणि जे काम नर्सइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही ते राहूनच जातं.

त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेली माणसं सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली १३ कोटी ६० लाख. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे. तेव्हा हा विषय गंभीर आहे, त्यावर बोललंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो कसं बोलायचं याचा.

वजनकाटा बहुतेक ठिकाणी कुठे ठेवलेला असतो ते आठवा. ओपीडीच्या बाहेर, व्हरांड्यात, रांगेच्या तोंडाशी. पन्नाशीची एक बाई चपला काढते, हातातली पिशवी जावेकडे देते आणि काट्यावर उभी राहते. केसपेपर लिहिणाऱ्या सिस्टर टेबलाशी, म्हणून काट्याजवळचं कुणीतरी आकडा मोठ्यानं सांगतं, ‘ब्याऐंशी!’ रांगेतल्या चार माना वळतात. टेबलावरून आवाज येतो, ‘काय हो मावशी, किती वाढवलंत! तोंडावर ताबा ठेवा जरा.’ मावशी कसनुसं हसतात, पदर सारखा करतात, ‘हो सिस्टर’ म्हणतात आणि पुढे सरकतात.

आपण पेशंटच्या हिताचं सांगितलं, असं त्या सिस्टरना मनापासून वाटतं. पण मावशींना नवं काय कळलं? आपलं वजन जास्त आहे हे त्यांना घरच्यांनी, शेजारणींनी, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी आणि स्वतःच्या गुडघ्यांनी केव्हाच सांगितलेलं आहे. नवं कळलं ते एवढंच, की इथे आलं की चारचौघांत बोलणी खावी लागतात. पुढच्या महिन्यात त्या गोळ्या आणायला मुलाला पाठवतील. मग बीपी मोजलं जाणार नाही आणि टाचेची भेग चिघळली तर ती कुणाच्या नजरेला पडणार नाही. सुनावण्याचा हा हिशेब कुठल्याच रजिस्टरात लिहिला जात नाही, म्हणून सुनावणं फुकटचं वाटतं.

याला आकड्यांचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या २,९४४ जणांची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. वजनावरून आपल्याला वाईट वागणूक मिळते असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ९५० ग्रॅमनं वाढलं. ज्यांना तसा अनुभव नव्हता त्यांचं सरासरी ७१० ग्रॅमनं घटलं. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण बोचणाऱ्या शब्दांनी माणूस ताळ्यावर येत असता तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

शिवाय दटावण्याचा एक परिणाम आपल्या टेबलावरच दिसतो. दटावलेला पेशंट खोटं बोलायला शिकतो. ‘भात खाता का?’ ‘नाही सिस्टर, सोडलाय.’ ‘गोड?’ ‘शिवत नाही.’ पथ्य पाळूनही शुगर चढलेलीच दिसते, म्हणून डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात. आणि एखाद्या संकष्टीला तीच बाई दिवसभर खरोखर उपाशी राहते आणि वाढलेल्या गोळीनं शुगर झपकन उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला नुसतं ‘कमी खा’ सांगणं किती धोक्याचं आहे, हे नर्सला कुणी शिकवायला नको. तरीही दिवसातून पन्नास वेळा आपण तेच दोन शब्द उच्चारतो.

‘पण इच्छाशक्ती नको का?’ हा त्यांचा पुढचा मुद्दा. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं वजन उतरलं. पण वर्ष उलटून गेल्यावरही भूक चाळवणारी संप्रेरकं चढलेलीच होती आणि त्या माणसांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. उतरलेलं वजन परत मिळवण्यासाठी शरीर असं झगडतं. पुन्हा वजन वाढलेल्या पेशंटला ‘सोडलंत ना पथ्य?’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. औषधांचाही वाटा असतो. इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मानसिक आजारावरची ओलान्झापिन यांनी वजन वाढतं. ‘सिस्टर, ही गोळी चालू झाल्यापासून अंग सुटतंय’ असं पेशंट सांगतो तेव्हा तो सबब सांगत नसतो. डॉक्टरांच्या कानावर घालायची ती माहिती असते.

आणि स्वयंपाकघराचं काय? रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाजी आणि डाळ विकत घ्यावी लागते. घरातली बाई सगळ्यांची पानं झाल्यावर बसते. तोवर उसळ आणि भाजी संपलेली असते, उरतो तो भात आणि तळाशी राहिलेली आमटी. अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातलंही तीच संपवते. तिला ‘तोंडावर ताबा ठेवा’ सांगणं म्हणजे ज्या गोष्टीवर तिची सत्ताच नाही त्याबद्दल तिला दोषी धरणं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के बायकांचं वजन जास्त आढळलं आणि ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. वजन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी, अशी बाई आपल्या ओपीडीत रोज येते. तिला कमी खायला सांगून कसं चालेल? तिच्या पानात पालेभाजी, मटकी, हरभरा, जमलं तर अंडं आलं पाहिजे आणि भाताचा ढीग लहान झाला पाहिजे. त्यासाठी घरच्यांशी बोलावं लागेल, वाढण्याचा क्रम बदलावा लागेल. ओट्स, ऑलिव्ह ऑइल आणि ब्रोकोली छापलेला डाएट चार्ट तिच्या हातात ठेवून हे होणार नाही.

‘माणूस नुसता पाहिला की कळतं’ असं अनुभवी सिस्टर अभिमानानं म्हणतात. याला तर आपल्या पुण्यातूनच उत्तर मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या प्रमाणातल्या वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा एकत्र फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. भारतीय माणूस दिसायला बारीक असून आतून चरबीचा असू शकतो, हे त्यातून जगाला समजलं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं असतं, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरलेली असते. नजरेवर विसंबणारी सिस्टर ब्याऐंशी किलोच्या मावशींना सुनावते आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या, हातपाय काटकुळे पण पोट सुटलेल्या रिक्षावाल्याला ‘तुमचं बरंय’ म्हणून सोडून देते. त्याला बोलणी बसत नाहीत आणि तपासणीही मिळत नाही. दहा रुपयांची टेप या दोघांनाही न्याय देते.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी दोन शब्द. दटावणं वाईट, म्हणून वजनाचा विषयच काढू नये, पेशंट दुखावेल, असं काही संवेदनशील सहकारी म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या गप्प बसण्यानंही पेशंट वाऱ्यावरच सुटतो. इंग्लंडमध्ये वजन जास्त असलेल्या १,८८२ जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी आलेल्या या पेशंटांशी डॉक्टर वजनाविषयी फक्त तीस सेकंद बोलले. निम्म्यांना ‘वजन कमी केलंत तर तब्येतीला बरं’ एवढंच सांगितलं. बाकीच्यांना बारा आठवड्यांच्या मोफत वर्गात पाठवण्याची तयारी दाखवली आणि पुढच्या भेटीची वेळ ठरवली. वर्षानंतर नुसता सल्ला मिळालेल्यांचं वजन सरासरी १.०४ किलोनं उतरलेलं होतं, मदत देऊ केलेल्यांचं २.४३ किलोनं. दहातल्या आठ जणांना हे बोलणं योग्य आणि उपयोगी वाटलं. ते अनुचित आणि निरुपयोगी वाटलेले सगळे मिळून चार जण निघाले. विषय काढला म्हणून माणसं दुखावत नाहीत. विषय काढून त्यांना एकटं सोडलं, किंवा चारचौघांत त्यांची लाज काढली, की दुखावतात.

याच प्रयोगात ‘वेळ कुठे आहे?’ या प्रश्नाचंही उत्तर आहे. एका सिस्टरवर किती पेशंटांचा भार असतो हे मला माहीत आहे, आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण सुनावण्यासाठीही वेळ लागतोच. तोच वेळ विचारण्यात घालवता येतो.

‘हे काम डाएटिशियनचं’ ही सबब तर तालुक्याच्या ठिकाणी टिकतच नाही. तिथे डाएटिशियन असते कुठे? सिस्टर असते, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असते, आणि घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांच्या कंबरेचा घेर फॉर्मवर नोंदवणारी आशाताई असते. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ४९ दवाखान्यांत ३०६ मधुमेहींवर एक चाचणी झाली आणि त्यातल्या निम्म्यांसाठी एक आहारकार्यक्रम राबवला गेला. त्यांच्या गोळ्या बंद करून, देखरेखीखाली, सुरुवातीला फक्त ठरावीक पेयांवर ठेवण्याचा तो कडक कार्यक्रम होता, घरी कुणी करून पाहू नये असा. तो राबवला तिथल्या प्रशिक्षित नर्सनी किंवा आहारतज्ज्ञांनी. वर्षानंतर कार्यक्रमातल्या ४६ टक्के पेशंटांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नर्सच्या हातून काय होऊ शकतं याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

मग बोलायचं कसं? प्रत्यक्षच पाहू. मावशी काट्यावरून उतरून टेबलाशी बसल्या आहेत.

‘मावशी, आज बीपी-शुगरबरोबर वजनाविषयीही थोडं बोललं तर चालेल का?’

‘बोला की.’

‘तुम्हाला स्वतःला त्याचा काही त्रास जाणवतो?’

‘गुडघे धरतात सिस्टर. जिना चढवत नाही. पण खाणं म्हणाल तर काय, दोन भाकऱ्या.’

इथे जीभ वळवळते. ‘दोन भाकऱ्यांनी एवढं होतं होय?’ हे वाक्य गिळायचं आणि विचारायचं, ‘गुडघ्यांनी फार बेजार केलंय तर. कालचा दिवस सांगता का मला? सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं?’

मग कालचा दिवस उलगडतो. पहाटे उठल्यावर चहा आणि खारी. नऊला मालकांबरोबर पुन्हा चहा. अकराला कामावर बायकांबरोबर. चारला घरी, सोबत मूठभर फरसाण. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चार कपांचे आठ चमचे, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ती दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. चहाला त्या खाण्यात धरतच नव्हत्या, आणि आपण कधी विचारलंच नव्हतं.

‘यातलं काय बदलणं तुम्हाला जमेल?’

‘चहा नाही सुटायचा. साखर एक चमचा करीन.’

‘पण घरात चहा सगळ्यांचा एकदम होतो ना?’

मावशी क्षणभर विचार करतात. ‘आधी एक चमचा टाकून माझा ओतून घेईन. बाकीच्यांची साखर मागनं घालीन.’

हा तोडगा कुठल्याही डाएट चार्टमध्ये नसतो. तो मावशींनी शोधला, म्हणून तो टिकण्याची शक्यता आहे. केसपेपरवर लिहायचं: ‘चहात एक चमचा साखर. पुढची भेट एक महिन्यानं.’ आणि महिन्यानं त्या आल्या की काट्याआधी चहाची चौकशी करायची.

हे बोलणं म्हणजे नुसता चांगुलपणा नाही, त्यामागे अभ्यास आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या उपचारांतून ही पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती वाढवली. ‘तोंडावर सुनावल्याशिवाय दारुडा सुधारत नाही’ ही समजूत तिथेही होतीच. मिलर यांच्या १९९३ च्या अभ्यासात दिसलं ते असं, की समुपदेशक जितका जास्त सुनावतो तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त असतं. परवानगी मागणं, मोकळा प्रश्न विचारणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, आणि बदल कोणता ते त्याच्याच तोंडून येऊ देणं ही कौशल्यं आहेत. शिरेत सुई घालण्यासारखीच ती शिकावी लागतात.

आणि काटा हलला नाही तर? तरी मावशींची पाठ थोपटायची. भारतातच झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण होते. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के जणांना मधुमेह झाला. चालणं आणि आहारातले बदल यांसाठी ज्यांचा सतत पाठपुरावा केला त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिलं. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. नुसत्या किलोंवर नजर ठेवणारी सिस्टर अशा पेशंटला ‘काहीच फरक नाही’ म्हणून परत पाठवेल आणि ज्या सवयी त्याला वाचवत आहेत त्याच मोडून टाकेल.

एक बोच आपल्यातल्या अनेकींना असते. ‘माझंच वजन जास्त, मी कुठल्या तोंडानं सांगू?’ रात्रपाळ्या, उभ्यानं गिळलेलं जेवण, पहाटे चारचा चहा आणि वडा यांनी आमची शरीरं घडलेली आहेत. उपदेश करायला बसलं तर हा संकोच आडवा येणारच. मदत करायला बसलेल्या नर्सला आदर्श शरीराची गरज नाही. पेशंटला तिच्याकडून वेळ हवा असतो, माहिती हवी असते, आणि आपण सांगितलेलं चारचौघांत फुटणार नाही याची खात्री हवी असते.

रुग्णालयांनी काय करायचं तेही सांगते. वजनकाटा व्हरांड्यातून उचलून पडद्याआड न्या आणि आकडा मोठ्यानं पुकारणं आजपासून बंद करा. काट्याशेजारी टेप टांगा. बीपीच्या यंत्राला मोठा कफ मागवा. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं आणि नको ती गोळी सुरू होते. मधुमेहाच्या केसपेपरवर ‘पेशंटनं ठरवलेला बदल’ अशी एक ओळ छापा. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची परीक्षा घेताना आहाराचे तक्ते पाठ म्हणून घेण्याबरोबर त्यांना पेशंटसमोर बसवा आणि त्या कसं विचारतात ते ऐका. उपकेंद्रात चालण्याचे, योगाचे, स्वयंपाकाचे गट भरवा. पेशंटला पाठवायला जागाच नसेल तर ‘मदत देते’ हे शब्द पोकळ ठरतील.

ज्यांचा दटावण्यावर अजूनही विश्वास आहे त्यांनी मागच्या वर्षीचं आपलंच रजिस्टर उघडावं. वजनावरून ज्यांना सुनावलं, त्यातले किती जण पुढच्या भेटीला स्वतः आले आणि किती जणांच्या गोळ्या दुसऱ्याच कुणी नेल्या, ते मोजावं. जो पेशंट समोर येतच नाही त्याचं वजन, बीपी, शुगर, पाय, यातलं काहीही कुणालाच सुधारता येत नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आपल्या टेबलाशी बसायला हवा. आज त्याच्याशी बोलताना निवडलेला प्रत्येक शब्द आपण याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.